रेडिंग ते विंडसर, जाऊन-येऊन बावीस लॉक

हैदराबादच्या विद्यानगरात, नल्लाकुंट्यात, बरकतपुऱ्यात जी मराठी घरं आहेत, त्यांतल्या कितीतरी घरांची मुलं आज रेडिंग, स्लाउ, मेडनहेड या भागात नोकरीला आहेत. ही गावं लंडनच्या पश्चिमेला, थेम्सच्या काठी किंवा काठापासून हाकेच्या अंतरावर. एप्रिल-मे आला की आई-बाबांना बोलावणं येतं, तिकिटं निघतात आणि यादी तयार होते. दहा दिवसांत पाच शहरं, रोज बॅग भरायची, रोज उपसायची. तिसऱ्या दिवशी आजीचे गुडघे बोलायला लागतात आणि पाचव्या दिवशी कुणाला काय पाहिलं ते आठवत नाही. या यादीतला एक आठवडा बाजूला काढावा आणि मुलाच्या घराजवळच्याच नदीवर बोट भाड्याने घेऊन ती स्वतः चालवावी, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

केरळच्या हाउसबोटीत चालक आणि स्वयंपाकी बरोबर येतात. इथे कुणी येत नाही. बोटीत झोपायच्या खोल्या, गॅसची शेगडी, फ्रिज, न्हाणीघर असं सगळं असतं, पण सुकाणू बाबांच्या हातात, पुढचा दोर लेकीच्या, मागचा जावयाच्या आणि चहा ज्याला वेळ असेल त्याच्याकडे. ब्रिटनमध्ये भाड्याची बोट चालवायला परवाना लागत नाही. कंपनीचा माणूस तासभर बरोबर बसून सगळं समजावतो, एखादी फेरी मारून घेतो आणि उतरून जातो. थेम्सवर वेगाची मर्यादा ताशी ८ किलोमीटर आहे. काठावरून भरभर चालणारा माणूस बोटीच्या बरोबरीने जाऊ शकतो. ज्याने स्कूटरखेरीज काही चालवलं नाही त्यालाही हे जमतं. बेत मात्र नीट आखावा लागतो आणि तो किलोमीटर पाहून आखला की चुकतो. या प्रवासात आधी लॉक मोजायचे असतात.

लेचलेडपासून टेडिंग्टनपर्यंतच्या सुमारे २०० किलोमीटरमध्ये थेम्स ६५ मीटरच्या आसपास खाली उतरते. तशीच मोकळी सोडली तर कुठे उथळ, कुठे वेगाची धार. म्हणून ठिकठिकाणी बंधारे घालून तिच्या पायऱ्या केल्या आहेत. दोन बंधाऱ्यांमधलं पाणी जवळजवळ सपाट आणि बोटीला पुरेसं खोल. बंधाऱ्यावरून बोट कशी उतरवायची, हा प्रश्न लॉक सोडवतो. या टप्प्यात असे ४४ लॉक आहेत. सगळ्यात वरचा लेचलेडचा सेंट जॉन्स, सगळ्यात खालचा टेडिंग्टनचा. त्याच्या खाली भरती-ओहोटी सुरू होते आणि भाड्याच्या बोटींना सहसा तिकडे जाऊ देत नाहीत.

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला दगडी हौद. बोट खालून वर जायची असेल तर खालचं दार उघडं असतं, आपण आत शिरतो, दार मागे बंद होतं. मग वरच्या दारातल्या किंवा बाजूच्या झडपा उघडतात. वरच्या अंगाचं पाणी हौदात शिरतं आणि बोट त्याच्याबरोबर वर येते. आतली पातळी वरच्या नदीइतकी झाली की वरचं दार उघडतं आणि आपण पुढे निघतो. उतरताना हेच उलट. पंप नाही, क्रेन नाही. बोट दहा टनांची असो की वीस टनांची, उचलण्याचं काम पाण्याचं वजनच करतं. दर खेपेला एक हौदभर पाणी वरून खाली जातं, एवढीच या सोयीची किंमत. इंग्लंडच्या अरुंद कालव्यांवरच्या साध्या लॉकमध्येसुद्धा हे पाणी लाखभर लिटर भरतं.

दारांची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. दोन पाखं मिटली की सरळ रेषेत येत नाहीत, प्रवाहाच्या वरच्या बाजूला टोक काढून एकमेकांना टेकतात. वरचं पाणी त्यांना जितकं ढकलेल तितकी ती घट्ट मिटतात. तीन मीटर रुंदीचं एक पाखं आणि दोन्हीकडच्या पाण्यात दोन मीटरचा फरक धरला, तर त्या पाख्यावर सहा टनांहून जास्त भार येतो. सगळं कुटुंब जोर लावून बसलं तरी ते हलणार नाही, आणि ते न हलणं हीच सुरक्षितता. हौद जवळजवळ भरला, फरक दोन सेंटिमीटर उरला, तरी दीड मीटर पाण्यात बुडालेल्या त्या पाख्यावर सुमारे ९० किलोचा भार असतो. माणूस दाराच्या लांब दांड्याला पाठ लावून रेटत राहतो, काही होत नाही, आणि मग एकाएकी दार लोण्यासारखं सरकतं. पातळी सारखी झाल्याची खूण ती. घाई करून काही मिळत नाही हे या दाराइतकं स्पष्ट कुणी सांगत नाही.

दोन दारांमध्ये बोट घेऊन पातळी बदलायची ही युक्ती चीनची. इसवी सन ९८४ मध्ये च्याओ वेइ-युए या अधिकाऱ्याने तिथल्या मोठ्या कालव्यावर असा पहिला हौद बांधला, कारण बोटी उतरंडीवरून दोरांनी ओढताना फुटत आणि त्या गोंधळात धान्य चोरीला जाई. टोक काढून मिटणाऱ्या दारांचं श्रेय लिओनार्दो दा विंचीला देतात. पंधराव्या शतकाच्या अखेरीला मिलानमध्ये त्याने ती योजली. पाचशे वर्षांनंतरही त्या दारांत फारसा फरक करावा लागलेला नाही.

आता बेताचा हिशेब. रेडिंगहून बोट घेऊन विंडसरला जायचं आणि परत यायचं असं धरू. वाटेत सॉनिंग, शिपलेक, मार्श, हॅम्बल्डन, हर्ली, टेम्पल, मार्लो, कुकम, बोल्टर्स, ब्रे आणि बोव्हनी असे ११ लॉक लागतात. जाऊन-येऊन २२. अंतर एका दिशेने ५० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे दोन्ही मिळून शंभर. बोट ताशी सात किलोमीटरने चालली तर निव्वळ चालण्याचे चौदा-साडेचौदा तास. लॉकला रांग धरून सरासरी वीस मिनिटं लावली तर आणखी सव्वासात तास. एकूण साडेएकवीस. बोट पहिल्या दिवशी दुपारनंतर ताब्यात मिळते, शेवटच्या दिवशी सकाळी परत द्यावी लागते, त्यामुळे सात रात्रींत पुरते दिवस सहाच. रोजचे साडेतीन-चार तास झाले. हे प्रमाण उत्तम. सकाळी नाश्ता करून निघावं, दुपारी एखाद्या गावाला लागावं, संध्याकाळ पायी फिरण्यात घालवावी.

पुष्कळ लोक नकाशा पाहून म्हणतात, शंभरच किलोमीटर, मग ऑक्सफर्डही करून येऊ. रेडिंगहून ऑक्सफर्डच्या ऑस्नी लॉकपर्यंत जायला १३ लॉक आहेत, परत यायला तितकेच, आणि ऑस्नीचा पूल इतका ठेंगणा आहे की सव्वादोन मीटरहून उंच बोट त्याखालून जातच नाही. आठवड्यात एकच दिशा निवडावी. दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा. निम्मा वेळ संपला की जिथे असाल तिथून वळायचं. बोट जिथून घेतली तिथेच परत द्यायची असते, आणि विंडसरहून परत येताना बोट प्रवाहाच्या उलट चढते, त्यामुळे परतीला थोडा जास्तच वेळ लागतो. विंडसरचा किल्ला तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत दिसला नाही तर मेडनहेडहून वळावं. काही बिघडत नाही, कारण वाटेतलंच पाहण्यासारखं जास्त आहे.

कुकमच्या खाली नदीच्या डाव्या अंगाला क्लिव्हडेनचं दाट रान थेट पाण्यापर्यंत उतरतं. मार्लोचा झुलता पूल १८३२ चा. तो बांधणाऱ्या विल्यम टिअर्नी क्लार्कनेच नंतर बुडापेस्टचा साखळ्यांचा पूल आखला. मेडनहेडला अभियंता ब्रुनेलच्या रेल्वेपुलाखालून बोट जाते तेव्हा मान वर करून पाहावं. विटांच्या त्या कमानी इतक्या सपाट आहेत की त्या पडणार असं त्या काळच्या जाणत्यांनी ठरवूनच टाकलं होतं. १८३९ पासून त्यांवरून गाड्या धावताहेत. हेन्लेला मात्र जुलैच्या सुरुवातीला जाऊ नये. तिथल्या वल्हवण्याच्या शर्यती १८३९ पासूनच्या, त्या आठवड्यात नदी माणसांनी आणि होड्यांनी भरून जाते. नवख्याने तिथे बोट घालणं म्हणजे स्वतःला आणि दुसऱ्याला ताप.

थेम्सच्या लॉकवर उन्हाळ्यात बहुधा लॉककीपर असतो. तो दारं उघडतो, झडपा सोडतो, कुणी आधी आत यायचं ते सांगतो. तो नसेल तेव्हा, ऑक्सफर्डच्या खालच्या लॉकवर, बटणं दाबून ती आपल्यालाच चालवता येतात. म्हणून घरात वयस्कर माणसं असतील तर मी कालव्यापेक्षा थेम्सच सुचवेन. अरुंद कालव्यांवर प्रत्येक झडप हँडलने फिरवून वर घ्यावी लागते आणि प्रत्येक दार पाठीने रेटावं लागतं. रेडिंगलाच केनेट-एव्हन कालव्याचं तोंड आहे. त्या कालव्यावर डिव्हायझेसला केन हिल म्हणून चढण आहे, तीन-सव्वातीन किलोमीटरमध्ये २९ लॉक. तरुणांच्या चमूला तिथे एक दिवस घालवायला मजा येईल. आजोबांना बरोबर घेऊन नको.

लॉकमध्ये शिरताना आणि आत असताना तीन-चार गोष्टी पाळल्या तर भीतीचं काही नाही. बोटीला ब्रेक नसतो. थांबायचं तर इंजिन उलटं फिरवायचं, तेही आधीपासून. पाण्यात पंखा फिरत असेल तरच सुकाणू ऐकतं. इंजिन मोकळं सोडून नुसतं चाक फिरवलं तर बोट आपल्या मनाने जाते. मोटारीची पुढची चाकं वळतात, बोट मधल्या बिंदूभोवती वळते. त्यामुळे पुढचं टोक डावीकडे घेतलं की पिछाडी उजवीकडे फेकली जाते आणि भिंतीला लागते. पहिल्या दिवशी सगळ्यांचीच लागते. त्यासाठीच बोटीच्या कडेला रबरी उशा टांगलेल्या असतात.

आत आल्यावर इंजिन बंद. पुढचा आणि मागचा असे दोन दोर काठावरच्या खुंट्यांना वळसा घालून हातात धरायचे. गाठ मारायची नाही. पाणी उतरताना बोट खाली जाते, दोर बांधलेला असेल तर ती एका बाजूने लटकते आणि कलंडते. हातातला दोर हळूहळू सोडत राहायचं. चढताना उलट, सैल पडलेला दोर ओढून घेत राहायचं. दुसरा धोका वरच्या दाराच्या पायाशी आहे. तिथे पाण्याखाली दगडी उंबरठा पुढे आलेला असतो. हौद भरलेला असताना तो दिसत नाही. उतरताना बोटीची पिछाडी त्यावर राहिली तर पाणी ओसरतं, पिछाडी दगडावर अडकते आणि पुढचं टोक खाली जातं. तो कुठपर्यंत आहे ते दाखवणारी खूण भिंतीवर केलेली असते. उतरताना एका माणसाने फक्त त्या खुणेवर नजर ठेवायची, दुसरं काहीही करायचं नाही. ही नेमणूक घरातल्या सगळ्यात सावध माणसाकडे द्यावी. माझा अनुभव असा की हे काम आई सगळ्यात चांगलं करते.

काठाला लागायचं ते नेहमी प्रवाहाकडे तोंड करून. प्रवाहाबरोबर येत असाल तर पुढे जाऊन वळायचं आणि मग लागायचं. समोरून येणारं पाणीच बोट हळू करतं. समोरच्या बोटीला आपली डावी बाजू द्यायची, म्हणजे आपण उजवीकडून चालायचं, हैदराबादच्या रस्त्याच्या उलट. लहान मुलांनी आणि पोहता न येणाऱ्यांनी डेकवर लाइफ जॅकेट काढायचं नाही. झोपताना थंडी वाजते म्हणून शेगडी पेटवून खोली गरम करायची नाही. बंद जागेतल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पाण्याची टाकी रोज भरायची. आपल्याकडच्या माणसांना सकाळच्या आंघोळीला किती पाणी लागतं ते कंपनीला माहीत नसतं. संडासाची टाकी ठरावीक जागी रिकामी करून घ्यावी लागते, ती ठिकाणं नकाशावर आधीच खूण करून ठेवावीत. सपाट बुडाचा छोटा कुकर, मसाल्याचा डबा आणि पोळपाट-लाटणं नेलं तर जेवणाचा प्रश्न मिटतो. किराणा स्लाउला सगळा मिळतो. खर्चात भाड्याबरोबर डिझेल आणि नुकसानीची अनामत रक्कम धरावी. सहा जण असाल तर आठ जणांची बोट घ्यावी, कारण जाहिरातीतल्या दोन जागा जेवणाच्या टेबलाचा पलंग करून मोजलेल्या असतात.

फ्रान्सचा मिडी कालवाही असाच चालवता येतो. पिएर-पॉल रिके याने १६६६ ते १६८१ या काळात खोदवलेला, २४० किलोमीटरचा, लंबगोल लॉकचा तो कालवा. पण त्यासाठी वेगळा शेंगेन व्हिसा लागतो आणि लॉकवाले दुपारी जेवायला लॉक बंद करतात. मुलगा थेम्सकाठी राहत असेल तर पहिली खेप थेम्सचीच.

आता पाण्याचं. लॉकच्या फाटकाशी पाट्या लावलेल्या असतात. पिवळी पाटी असेल तर पाणी वाढतंय किंवा ओसरतंय, सावध राहा. लाल असेल तर जोराचा प्रवाह आहे, भाड्याची बोट जिथे आहे तिथेच थांबवायची. लाल पाट्या बहुतेक हिवाळ्यात लागतात, म्हणून बोटी एप्रिल ते ऑक्टोबर भाड्याने देतात. उलट टोकही असतं. २०२२ च्या उन्हाळ्यात थेम्सचा उगमाकडचा भाग कोरडा पडला होता. तरीही वर्षाच्या बहुतेक दिवशी ही नदी बोट नेण्याजोगी असते, आणि आपली गोदावरी तशी का नाही, हे समजून घेतलं की लॉकचं मर्म कळतं.

टेडिंग्टनजवळ थेम्सचा सरासरी प्रवाह सेकंदाला ६५ घनमीटरच्या आसपास, म्हणजे २३०० क्युसेक्स. तिथे पाऊस बारा महिने थोडा थोडा पडतो आणि दोन्ही अंगांच्या खडूच्या टेकड्या तो पिऊन सावकाश सोडतात. गोदावरीवर धवळेश्वरमला १६ ऑगस्ट १९८६ रोजी ३५ लाख क्युसेक्स पाणी आलं. त्याच जागी एप्रिल-मेमध्ये ते काही हजारांवर येतं. वर्षाचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडतो आणि दख्खनचा काळा खडक फारसं पाणी धरून ठेवत नाही. लॉक उतार सोडवू शकतो. महापूर आणि कोरडं पात्र यांच्यापुढे त्याचं काही चालत नाही.

तरीही एकदा या नदीवर मोठा डाव मांडला गेला होता आणि तो आपल्या विदर्भासाठी होता. सर आर्थर कॉटन यांनी १८४७ ते १८५२ मध्ये धवळेश्वरमला गोदावरीवर बंधारा घातला, कालवे काढले, आणि ते कालवे बोटींनाही चालतील असे लॉकसकट बांधले. मग त्यांनी नजर वर वळवली. वर्धा, हिंगणघाट, नागपूरकडचा कापूस वर्धा-प्राणहिता-गोदावरीने थेट काकिनाड्याच्या समुद्राला न्यायचा. वाटेत नदीत खडकांचे तीन अडथळे होते. खालचा भद्राचलमच्या वर दुम्मागुडेमला, मधला इंचमपल्लीला, आणि तिसरा देवलमरीजवळ प्राणहितेवर, आजच्या गडचिरोली जिल्ह्यात. हे अडथळे बंधारे आणि लॉकचे कालवे बांधून ओलांडायचे, असा बेत होता. कॅप्टन हेग यांनी १८५६ मध्ये त्याचा अहवाल दिला. १८६० च्या तहाने निजाम अफझलुद्दौला यांच्याकडून गोदावरीच्या डाव्या काठचा मुलूख इंग्रजांकडे आला आणि नदीवरच्या मालाला जकात राहिली नाही. सिरोंचा हे त्या नव्या जिल्ह्याचं मुख्य ठाणं झालं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि या कामाला निकड आली.

पण रानातल्या हिवतापाने मजूर टिकत नव्हते, नदी वर्षातले निम्मे महिनेच बोट नेऊ देई, आणि १८६७ मध्ये आगगाडी नागपूरला पोहोचली. मुंबईचा रस्ता मोकळा झाल्यावर कापसाला गोदावरीची गरज उरली नाही. १८७१ मध्ये सरकारने काम थांबवलं. दुम्मागुडेमचा बंधारा अजून आहे, पर्णशाळेला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या वाटेपासून जवळच. त्याच्याकडे पाहताना मला वाटतं, कॉटनची स्थापत्याची समज पक्की होती, कमी पडला तो वर्षभराच्या पाण्याचा हिशेब. आठवड्याच्या सुट्टीचा बेत आखणाऱ्यालाही तोच हिशेब आधी करावा लागतो.

खालच्या अंगाला मात्र कॉटन जिंकले. विद्यानगरातल्या दुर्गाबाई देशमुख रुग्णालयावरून आपण सगळे रोज जातो-येतो. दुर्गाबाई १९०९ मध्ये राजमहेंद्रीला जन्मल्या, धवळेश्वरमपासून काही किलोमीटरवर, आणि १९५३ मध्ये चिंतामणराव देशमुखांशी लग्न करून आपल्या झाल्या. त्यांच्या लहानपणी त्या भागातली माणसं आणि धान्य याच कालव्यांतून बोटींनी, लॉकमधून चढत-उतरत जात असत. धवळेश्वरमहून एक कालवा काकिनाड्याला, विज्जेश्वरमहून एक निडदवोलू, ताडेपल्लीगुडेम, एलुरूवरून विजयवाड्याला कृष्णेला, आणि पुढे बकिंगहॅम कालव्याने मद्रासपर्यंत. इथे पाण्याचा प्रश्न नव्हता, कारण बंधाऱ्यामुळे कालव्यातली पातळी हातात राहते. रेल्वे आणि रस्ते आले, गाळ साचला, ठेंगणे पूल बांधले गेले आणि बोटी संपल्या.

थेम्सला जाण्याआधी हे पाहून यावं. गौतमी एक्स्प्रेसने रात्री निघालं की सकाळी राजमहेंद्री. धवळेश्वरमला कॉटन यांचं संग्रहालय आहे, आणि कालव्याच्या तोंडाशी जुने लॉक. तिथल्या शेतकऱ्यांच्या मनात कॉटनना जे स्थान आहे ते पाहून आपण चकित होतो. भिंतीतले दोराने घासून पडलेले खाचे, दारांची खोबण, पाण्याखालच्या उंबरठ्याची जागा, सगळं उघड्यावर नीट समजतं, जे परदेशात घाईत लक्षात येत नाही. दोराची सवय हवी असेल तर घराजवळ हुसेनसागर आहे. तिथे यॉट क्लब ऑफ हैदराबाद शिडाच्या होड्या शिकवतो. दोन सकाळी तिथे घालवलेल्या मुलाला थेम्सवर खुंट्याला वळसा कसा घालायचा ते सांगावं लागणार नाही. पापीकोंडलूची बोटसफर या तयारीचा भाग धरू नये. तिथे आपण प्रवासी असतो, आणि पुरात तर मुळीच जाऊ नये. १५ सप्टेंबर २०१९ ला कच्चुलूरूजवळ पर्यटकांची बोट बुडाली तेव्हा गोदावरी चढलेली होती.

एलुरू कालव्यावर स्वतः चालवायची बोट मिळावी, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. हा १३९ किलोमीटरचा कालवा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ४ चा भाग आहे. हा जलमार्ग २००८ मध्ये जाहीर झाला आणि २०१६ च्या कायद्याने तो गोदावरीवर थेट नाशिकपर्यंत वाढवला. नाशिकपर्यंत बोट जाणं मला शक्य दिसत नाही, वर सांगितलेलं पाण्याचं कारण तिथे दुप्पट लागू आहे. एलुरू कालव्याचं तसं नाही. तिथे पातळी हातातली आहे, उतार हलका आहे, दोन्ही काठांना नारळ आणि भाताची शेतं आहेत, आणि रेल्वेची स्थानकं बरोबरीने आहेत. उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी कालवे बंद ठेवतात, म्हणजे हंगाम नोव्हेंबर ते मार्च, नेमका फिरण्याचा. अडचण दोन ठिकाणी आहे. २०२१ च्या अंतर्देशीय नौका कायद्याने यांत्रिक बोट चालवणाऱ्याकडे प्रमाणपत्र लागतं. ताशी ८ किलोमीटरच्या आत चालणाऱ्या, बंदिस्त कालव्यातल्या भाड्याच्या बोटींसाठी ब्रिटनसारखी तासाभराच्या शिकवणीची सवलत देता येईल. आणि लॉकची दारं दुरुस्त करावी लागतील. सगळी एकदम नकोत. विज्जेश्वरम ते ताडेपल्लीगुडेम एवढाच टप्पा आधी सुरू केला तरी सिकंदराबादहून रात्रीच्या गाडीने निघालेलं कुटुंब दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच्या हाताने लॉकमध्ये बोट घालू शकेल.